दरबारातून दिवाणखान्यात : धार, देवास आणि जाणत्या प्रेक्षकाची परंपरा

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला आणि त्या मुलखाची वाटणी मुख्यतः शिंदे, होळकर व पवार या घराण्यांत झाली. पवारांच्या एका शाखेने धार येथे राज्य केले, तर तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंपासून देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. अशा राजधान्यांत कला आणि कसरत यांना दरबाराचा आश्रय असे, आणि आश्रयाबरोबर पारखही असे. गाणे असो वा कुस्ती, समोरच्याचे गुणदोष निवडून योग्य जागी दाद देणे हे जाणकाराचे लक्षण मानले जाई. विसाव्या शतकात दरबार गेले आणि ही पारख सामान्य घरापर्यंत पोचवण्याचे काम आधी रेडिओने व नंतर दूरचित्रवाणीने केले. हे काम कोठे पूर्ण झाले आणि कोठे अपुरे राहिले, हे धारशी जोडलेला मल्लखांब, देवासचे गाणे आणि जगभर घरोघरी पाहिले जाणारे पुरुषांचे फिगर स्केटिंग यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

मल्लखांबाच्या इतिहासाशी धारचा संबंध एका जन्मामुळे येतो. रघुनाथराव पेशवेपदावरून दूर झाल्यानंतरच्या धामधुमीत त्यांच्या गरोदर पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिल्या आणि तेथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसरे बाजीराव जन्मले. याच बाजीरावांच्या पुण्यातील कारकिर्दीत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. निजामाकडून आलेल्या पैलवानांचे आव्हान स्वीकारण्यासाठी त्यांनी सप्तशृंगीच्या परिसरात साधना केली आणि माकडांच्या हालचालींवरून या व्यायामाचे धडे घेतले, अशी परंपरा सांगते. मल्लस्तंभाचा उल्लेख मात्र बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आधीच येतो, त्यामुळे बाळंभटदादांचे श्रेय शोधाचे नसून पुनरुज्जीवनाचे आहे.

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, तळाशी जाड आणि वर निमुळता असतो. त्याच्या वरच्या अरुंद भागाला मान आणि टोकावरच्या गोलाकार भागाला बोंड म्हणतात, आणि घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल चोळलेले असते. खेळाडू धावत येऊन खांबावर झेपावतो आणि मांड्या व पाय यांनी त्याला विळखा घालतो. या विळख्याला अढी म्हणतात आणि बहुतेक कसरतींचा तोच पाया असतो. दसरंगात शरीर उलटे फिरवून पुन्हा अढी घातली जाते, तोलाच्या प्रकारांत बोंडावर शरीर स्थिर ठेवले जाते आणि शेवटी उडी घेऊन खेळाडू जमिनीवर येतो. जाणकाराचे लक्ष केवळ प्रकार पुरा झाला की नाही एवढ्यावर नसते. चवडे ताणलेले होते का, अढी घालताना धडपड झाली का, एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना खंड पडला का आणि उडीनंतर पाय जागचे हलले का, हे सारे तो टिपतो.

देवासच्या वाट्याला गाण्याची पारख आली. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई या संस्थानाशी निगडित होता आणि १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व येथे येऊन स्थायिक झाले. त्याच वर्षी धार आणि देवास मध्यभारत संघात विलीन झाली आणि दरबारी आश्रयाचा काळ संपला. परंतु संगीताला लगेच दुसरा आश्रय मिळाला: १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५५ मध्ये इंदूर केंद्र उघडल्यावर माळव्याचे स्वतःचे प्रक्षेपण सुरू झाले. ज्याला दरबाराच्या मैफलीत कधी जागा मिळाली नसती, अशा श्रोत्याला घरबसल्या राग, ख्याल, बंदिश ही नावे निवेदनातून कळू लागली आणि ऐकता ऐकता त्याचा कान तयार झाला.

मल्लखांबाने स्पर्धेचा मार्ग धरला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्येच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली होती आणि १९८१ च्या जानेवारीत देवासपासून जवळच असलेल्या उज्जैनला अखिल भारतीय पातळीवरील मल्लखांब स्पर्धा झाली. नियम आले, गुणपद्धती आली, पण प्रेक्षक मैदानाभोवती उभा राहील तेवढाच राहिला.

नेमक्या याच ठिकाणी फिगर स्केटिंगचा इतिहास वेगळा ठरतो. पोलादी पाते बसवलेले बूट घालून बर्फाच्या मैदानावर उड्या, गिरक्या आणि पदन्यास संगीताच्या साथीने करण्याच्या या खेळात पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाली. बर्फावर ठरावीक आकृत्या अचूक कोरणे, हा या खेळाचा मूळ गाभा होता आणि प्रदीर्घ काळ निम्म्याहून अधिक गुण त्यालाच असत. दूरचित्रवाणी आल्यावर घरच्या प्रेक्षकाला संगीतावरचे मुक्त सादरीकरण तेवढे दिसे, त्यामुळे उत्तम नाचलेला खेळाडू मागे का पडला हे त्याला उमगत नसे. हा दबाव वाढत गेला, आकृत्यांचे महत्त्व घटवले गेले आणि १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धांतून बाद झाल्या. पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकनंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धतही गेली आणि प्रत्येक उडीचे मूळ मूल्य, ती कशी झाली याचे गुण आणि सादरीकरणाचे गुण वेगळे मोजणारी पद्धत २००४ मध्ये आली.

नियमांइतकेच महत्त्व समजावून सांगण्याला होते. १९४८ आणि १९५२ चे ऑलिंपिक विजेते अमेरिकन स्केटर डिक बटन पुढे अनेक दशके दूरचित्रवाणीवर निवेदक होते आणि पात्याची कड, उडीची घडण व उतरण्याची सफाई यांविषयी त्यांनी घरोघरच्या प्रेक्षकांना डोळस केले. उदाहरणार्थ, अ‍ॅक्सल ही उडी पुढे तोंड करून घेतली जाते, पण उतरायचे मात्र मागे सरकत असते, त्यामुळे तिच्यात अर्धी फेरी जास्त भरते. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये इलिया मलिनिन याने स्पर्धेत प्रथमच पुरी केलेली चौपट अ‍ॅक्सल प्रत्यक्षात साडेचार फेऱ्यांची होती. हे माहीत नसणाऱ्याला दिसते ती नुसती भोवरी. माहीत असणारा संथ गतीच्या पुनर्दर्शनात उतरताना पाते बाहेरच्या कडेवर स्थिर आहे का, मोकळा पाय ताठ मागे गेला आहे का आणि सुरांचा ओघ सांभाळला गेला आहे का, हे पाहतो. युझुरू हान्यू याने २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली तेव्हा त्याच्या उड्यांइतकीच दाद त्या उड्या संगीतात विरघळवण्याच्या कौशल्याला मिळाली.

माळव्यातील घरांत दूरदर्शनचा प्रसार १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतरच्या काळात वेगाने झाला आणि १९९१ पासून उपग्रह वाहिन्यांमुळे परदेशी क्रीडाप्रक्षेपणेही आवाक्यात आली. ज्या भागात गोठलेले तळे कोणी पाहिलेले नाही, तेथील प्रेक्षकालाही हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याची पारख करण्याचे निकष मल्लखांबाचेच आहेत: अवघडपणा, सफाई, सलगता आणि शेवटचा स्थिर ठाव. ज्याने अढी आणि दसरंग डोळसपणे पाहिले आहेत, त्याला बर्फावरच्या पुरुषाची ताकद आणि नजाकत एकाच वेळी कळू शकते.

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला, उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि ‘खेलो इंडिया’सारख्या स्पर्धांमुळे हा खेळ पडद्यावरही येऊ लागला. तरीही संगीताला आकाशवाणीने आणि स्केटिंगला दूरचित्रवाणीने जो जाणता प्रेक्षक घडवून दिला, तो मल्लखांबाला अजून मिळायचा आहे. त्यासाठी प्रक्षेपणात प्रत्येक प्रकाराचे नाव सांगणारा, त्यातील कस उलगडणारा अनुभवी निवेदक हवा, संथ गतीचे पुनर्दर्शन हवे आणि गुणांची फोड पडद्यावर हवी. ही सोय करणे क्रीडासंस्था आणि वाहिन्या यांच्या हाती आहे आणि ती त्यांनी विनाविलंब करावी.