कशेळीच्या सड्यावरचा हत्ती

धायरीच्या बचत गटांतल्या आम्ही सगळ्या जणी आज तुमच्याशी बोलतोय.

रथसप्तमी झाल्यावर आम्ही अठरा जणी राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झालं, प्रसाद झाला. निघणार तेवढ्यात तिथे भेटलेल्या एक काकी म्हणाल्या, "आमचा हत्ती बघितल्याशिवाय जाताय कुठे?" आम्हाला वाटलं, दारात बसवलेला दगडी हत्ती असेल. पण काकी आम्हाला सड्यावर घेऊन गेल्या.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. आम्ही चारी बाजूंना बघतोय, हत्ती कुठे दिसेना. काकी म्हणाल्या, "चपला काढा आधी. त्याच्या अंगावरच उभ्या आहात तुम्ही!"

ओशाळून आम्ही बाजूला झालो. मग काकी रेघेच्या कडेकडेने चालू लागल्या, आम्ही त्यांच्या मागे. हा मागचा पाय, ही पाठ, हे मस्तक, ही सोंड. चालत फिरल्यावरच तो हत्ती आम्हाला कळला. लांबी सुमारे 18 मीटर. दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून पसरली तरी पुरायची नाहीत! त्याच्या आत आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेत. ऊन कलतं असलं की रेघेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं, हेही काकींनीच सांगितलं.

यांना कातळशिल्पं म्हणतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात ती सापडली आहेत. काही गावांत लोक ती पांडवांची कामगिरी मानतात. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारत, सडे तुडवत शेकडो शिल्पं शोधली. म्हणजे ती गावाला ठाऊक होती. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

ही शिल्पं दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. नेमकं वय ठरवणं अवघड आहे. चुलीतल्या जुन्या कोळशाचं वय मोजता येतं, दगडावरच्या रेघेचं तसं मोजता येत नाही. पण चित्रं बरंच सांगतात. त्यांत हत्ती, वाघ, मासे आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. शेतीची चित्रं मात्र दिसत नाहीत. म्हणून ही माणसं शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगत असावीत, असं मानतात.

2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यात कशेळी आहे, उक्षी आहे, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपीही आहेत. एक जागा गोव्यातली आहे. पण यादीत नाव आल्याने दगड वाचतोच असं नाही. जांभ्याचे चिरे काढायला, रस्त्याला, बागेसाठी जमीन सपाट करायला सड्यावर यंत्रं चालतात. एका दिवसात सगळं पुसलं जाऊ शकतं. उक्षीला गावकऱ्यांनी तिथल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गडगा घातला, म्हणून तो राखला गेला.

उत्तर ऑस्ट्रेलियात गनबलान्या नावाचं गाव आहे. तिथल्या इंजलक टेकडीवर आदिवासींची जुनी रंगचित्रं आहेत. तिथे जायला आधी परवाना काढावा लागतो आणि चित्रं दाखवायला गावचाच वाटाड्या सोबत येतो. गावातल्या कलाकेंद्रात बायका आपल्या केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या पानांच्या टोपल्या विणून विकतात. चित्रं, त्यांची गोष्ट आणि त्यातून येणारा पैसा, तिन्ही गावाच्या हातात.

हे आठवलं ते परतताना. आम्ही काकींना पैसे देऊ केले, तर त्या मागे सरल्या. "आमच्याच हत्तीचे पैसे कसले घ्यायचे?" आम्ही म्हटलं, "काकी, दोन तास उन्हात चाललात. आमच्या गटात पापड लाटणारीला मजुरी मिळते. वाट दाखवणारीला का नको?" माणशी पन्नासप्रमाणे नऊशे रुपये झाले. बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी घेतले, ते त्यांच्या गटाच्या खात्यात जमा करते म्हणून.

धायरीत परतल्यावर आमच्याही मनात आलं. आमच्याकडे शेतं जाऊन इमारती आल्या. कुठला दगड कशाचा, कुठली विहीर कोणी बांधली, हे सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्यात. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला: दर महिन्याला एका आजीबरोबर गावात चालायचं, त्या सांगतील ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं आणि खाली त्यांचं नाव घालायचं.

तुमच्या गावातही वीरगळ असेल, जुनी बारव असेल, कातळावरची एखादी रेघ असेल. ती दाखवणारी बाई कोण, ते आधी शोधा. आणि हो, चालताना पायाखाली बघा.