हरवलेल्या पाण्याचा माग

दिवसभर गाडी चालवून आल्यावर, इंजिन निवल्यानंतर, रेडिएटरचें झाकण उघडावें, तों पाणी चार बोटें उतरलेलें. आणि गाडीखालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. जुनी मोटार बाळगणाऱ्यावर हा प्रसंग कधींना कधीं येतोच. पाणी गेलें कोठें, हा प्रश्न दिसतो साधा. पण त्याच्या उत्तरावर इंजिनाचें आयुष्य अवलंबून असतें. गंमत अशी, कीं मोटारीच्या अगदीं आरंभीच्या काळांत हा प्रश्न कोणाला पडण्याचें कारणच नव्हतें. त्या वेळच्या गाडींत पाणी घालीत तें नाहींसें होण्यासाठींच.

कार्ल बेन्झ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठीं अर्ज केला, तिच्या एकुलत्या एक सिलिंडराभोंवतीं पाण्याचें वेष्टन होतें. सिलिंडरांत इंधनाचा भडका उडाला कीं त्यांतली थोडी उष्णता चाकें फिरविण्याच्या कामीं येते, बरीचशी धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली लोखंडांत शिरते. ती वेळींच काढून घेतली नाहीं तर वंगण जळतें, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडराला धरून बसतो. बेन्झनें ती काढली चुलीवरच्या पातेल्याच्या न्यायानें: पाणी उकळावें, वाफेबरोबर उष्णता हवेंत जावी, आणि कमी झालेलें पाणी माणसानें पुन्हां ओतावें. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्टा ही ऑयगेन आणि रिशार्ड या दोघां मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगतां, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. सुमारें १०० किलोमीटरांच्या त्या वाटेंत इंधन मिळालें वीसलोखच्या औषधाच्या दुकानांत. पाणी मात्र जेथें मिळेल तेथें, खाणावळींत, ओढ्यावर, प्रसंगीं रस्त्याकडेच्या चरांतूनहि घ्यावें लागलें. चढावर गाडी ढकलणाऱ्या मुलांचें कौतुक सर्वच करतात, आणि तें योग्यहि आहे. पण पाणी शोधण्याचें काम त्याहून हलकें नव्हतें.

गाड्यांची ताकद वाढली तशी ही रीत अपुरी पडूं लागली. पिंपभर पाणी बरोबर वाहून नेण्यापेक्षां थोडेंच पाणी पुन्हां पुन्हां निववून वापरावें, या विचारानें विल्हेल्म मायबाख यानें जी युक्ति सिद्धीस नेली, ती १९०० सालच्या डिसेंबरांत एमिल येलिनेकच्या हातीं आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडींत दिसली. येलिनेकच्या मुलीवरून त्या गाडीला मर्सिडीज हें नांव मिळालें. तिच्या तोंडाशीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता: ६ मिलिमीटर रुंद व तितक्याच उंच अशा ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींना झाळून बसविलेल्या. नळ्यांतून वारा जाई, आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी फिरे. पंप पाण्याला फिरवी, मागचा पंखा वारा ओढी. पाण्याची गरज निम्म्यावर, म्हणजे ९ लिटरांवर आली. दुसऱ्याच वर्षीं नीस येथील शर्यतींत ही गाडी गाजली.

या सुधारणेबरोबरच गळती हा नवा रोग जन्मास आला. पाणी एकदां बंदिस्त झाल्यावर त्याचें कमी होणें हा खर्च राहिला नाहीं, तो दोष ठरला. आणि त्या दोषाला जागा तरी किती! नळ्यांचीं दोन्ही टोकें धरलीं तर झाळलेलीं ठिकाणें १६ हजारांवर जातात. खड्ड्यांतून जातांना बसणारा प्रत्येक हिसका त्या मऊ झाळकामाला सोसावा लागे. तथापि ही गळती प्रामाणिक होती. पाणी बाहेर ठिबके, ओल दिसे, मिस्त्री त्या जागीं पुन्हां झाळी.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलनें हें चित्र पालटलें. आरंभींच्या सुमारें अडीच हजार गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, रेडिएटरांत निवून खालीं उतरे, एवढ्यावरच चक्र चाले. मात्र वरच्या नळीच्या तोंडाखालीं पातळी गेली कीं हें चक्र तुटे; म्हणून लहानशी गळतीहि तेथें मोठी होई. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चारहि सिलिंडर एका ओतकामांत, आणि त्यांवरचें हेड १५ बोल्टांनीं वेगळें बसविलेलें, अशी फोर्डची रचना होती. दुरुस्ती त्यामुळें फार सोपी झाली. पण हेड आणि सिलिंडर यांच्या मध्यें तांबें व ॲस्बेस्टॉस यांची पातळ गॅस्केट आली, आणि तिच्या एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी. ती जळली कीं पाणी सिलिंडरांत शिरतें आणि वाफ होऊन धुराबरोबर जातें. फरशी कोरडी राहते ती अशी.

त्या काळच्या वाटसरूचे उपायहि नमूद करण्यासारखे आहेत. परदेशांत रेडिएटरमध्यें कोंडा किंवा पीठ टाकीत. आपल्याकडे हळदीची पूड. बोरघाट चढून खंडाळ्याला टेंकलेली, बॉनेट उघडून धापा टाकणारी गाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हा उपाय नवा वाटणार नाहीं. पूड छिद्राशीं जाऊन बसते आणि घर गांठतां येतें, हें खरें. पण तीच पूड रेडिएटरच्या अरुंद वाटाहि बुजविते, आणि गळतीचें दुखणें जाऊन तापण्याचें दुखणें मागें राहतें.

पुढें पाण्याचाहि पालट झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्युर्त्स यानें एकोणिसाव्या शतकांत सिद्ध केलेलें ग्लायकोल १९२७ पासून अमेरिकेंत मोटारींसाठीं विकलें जाऊं लागलें. थंडींत पाणी गोठून लोखंड फुटूं नये, हा त्याचा उपयोग. परंतु जेथें नुसतें पाणी अडून राहतें, अशा सांध्यांतूनहि तें वाट काढतें. चवीला गोड आणि पोटांत विष, असा हा द्रव आहे. सांडलेला राहूं दिला तर कुत्रीं-मांजरें तो चाटून मरतात. नंतर झाकणाला स्प्रिंग बसवून पाणी दाबाखालीं ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला कीं उत्कलनबिंदु सुमारें ३ अंश फॅरेनहाइट चढतो. गाडी उकळण्याची भीति कमी झाली, पण केवळ दाबाखालींच उघडणारीं आणि थंड होतांच मिटणारीं छिद्रें निर्माण झालीं.

म्हणून जाणता मिस्त्री पान्याला हात घालण्यापूर्वीं डोळ्यांना काम देतो. इंजिन पूर्ण थंड असतांना तो झाकणाच्या जागीं हातपंप लावतो, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देतो आणि कांट्याकडे पाहत थांबतो. ‘टी’ मॉडेलसारख्या बिनदाबाच्या रेडिएटरला मात्र ही परीक्षा लावूं नये. त्याचे म्हातारे सांधे तिनेंच उसवतात. कांटा उतरला तर पाणी कोठेंतरी वाट काढीत आहे. मग विजेरी घेऊन शोध सुरू होतो. तापलेल्या लोखंडावर थेंब क्षणांत वाळतो, पण मागें पांढरा किंवा हिरवट ओघळ ठेवून जातो. रबरी नळ्यांचीं तोंडें, पंपाच्या पोटाखालचें बारीक भोंक, ओतकामाच्या वेळची वाळू काढण्यासाठीं ठेवलेल्या छिद्रांवरच्या पत्र्याच्या चकत्या, या ठिकाणीं हा ओघळ बहुधा सांपडतो. चकत्या आंतून गंजतात आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसतात. शिवाय त्यांतली एखादी हटकून हात न पोहोंचणाऱ्या जागीं असते.

बाहेर कांहींच आढळलें नाहीं, तर आंत पाहणें आलें. स्पार्क प्लग काढावेत. इतर काजळलेले आणि एकच वाफेनें धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर चोर त्याच सिलिंडरांत आहे. इंजिन चालूं असतां रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे येत राहिले, तर आग पाण्यांत शिरते आहे. तेलाच्या झाकणाखालीं दुधाळ साय दिसली, तर मात्र सावध व्हावें. थंडींत थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडींत ती नुसत्या बाष्पानेंहि जमते. पण तेलांत खरोखर पाणी गेलें असेल, तर बेअरिंग थोड्या मैलांतच नासतात.

अशा वेळीं घाईनें नवी गॅस्केट घालून मोकळें होणारे पुष्कळ. महिन्याभरानें पाणी पुन्हां उतरतें, कारण दोष गॅस्केटचा नसून लोखंडाचाच असतो. ७०-८० वर्षांच्या गाडीचें हेड पुन्हां मिळेलच असें नाहीं. म्हणून तें फेंकून देतां येत नाहीं आणि अंदाजानें कापतांहि येत नाहीं. जाणकार कारखान्यांत त्याच्या पाण्याच्या वाटा बंद करून आंत हवा भरतात आणि तें गरम पाण्याच्या टांकींत बुडवितात. थंड असतां मिटलेली भेग लोखंड प्रसरण पावतांच उघडते, आणि दोन झडपांच्या मधून बुडबुड्यांची बारीक माळ वर येऊं लागते. तेथें खडूनें खूण करतात. मग ऊब न देतांच, भेगेच्या दोन्ही टोकांना आधीं भोंकें पाडून, एकमेकांत अडकणाऱ्या धातूच्या खिळ्यांची रांग भेगेवरून घालतात. लोखंडाला टांके घालणेंच तें. हेड पुन्हां टांकींत उतरवितात, हवा भरतात, आणि सारे जण खडूच्या खुणेकडे पाहत उभे राहतात.