मसीह, मराठी ओवी आणि आपण

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सुट्टीची सूचना वाचून दाखवली की वर्गात एखादा हात वर होतोच. "सर, हजरत ईसांना तर अल्लाहने जिवंत वर उचलून घेतले ना? मग ही सुट्टी कसली?" मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पहिल्या वर्षी "ते त्यांचे मानणे आहे" एवढेच सांगून मी फळा पुसायला वळलो होतो. खरे तर त्यांचे मानणे नेमके काय आहे, हे मलाच नीट ठाऊक नव्हते.

ख्रिस्ती श्रद्धा अशी आहे : येशूंना क्रूसावर खिळले, ते मरण पावले, त्यांना कबरीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी ते उठले. रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली. चाळीस दिवसांनंतर ते स्वर्गात गेले आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करायला पुन्हा येतील. ही श्रद्धा मागाहून चिकटवलेली नाही. इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथकरांना जे पत्र लिहिले, त्यात मसीह उठले नसतील तर सारा धर्मच फोल, असा त्याचा स्पष्ट युक्तिवाद आहे. पत्र ग्रीक भाषेत आहे, पण त्याच्या शेवटी 'मारानाथा' हा अरामी शब्द तसाच राहिला आहे. अर्थ, 'आमच्या प्रभू, ये'. अरबीतला 'अता', म्हणजे आला, हा त्याच कुळातला शब्द.

आपल्याकडे पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:१५७-१५८) ह. ईसा (अ.स.) यांना ना ठार केले गेले, ना सुळावर चढवले गेले, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असे सांगितले आहे. ते दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे वाट दोघेही पाहतात. पण एवढ्यावरून 'सगळे एकच' म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. हदीसप्रमाणे ते परत आल्यावर क्रूस मोडतील, आणि ख्रिस्ती माणसाची सारी आशा त्याच क्रूसावर आहे. हा फरक लपवून शेजारधर्म होत नाही.

हा मसीह मराठीत आला तो गोव्यातून. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या राचोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. सुमारे अकरा हजार ओव्या. दुसऱ्या भागात येशूंचे जन्मापासून पुनरुत्थान व स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र येते. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे पोर्तुगिजांनी काढून घेतली होती, साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. गावाला ऐकायला काहीच उरले नव्हते. ती पोकळी स्टीफन्सने ओळखली. ज्या सत्तेच्या आश्रयाने हे पुराण झाले तिनेच पुढे १६८४ च्या हुकुमाने लोकांची भाषा बंद करायला काढली, हेही विसरू नये.

इथे एक अवघड गोष्ट नमूद केली पाहिजे. १७८४ मध्ये टिपू सुलतानने मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना श्रीरंगपट्टणला नेऊन कैदेत ठेवले. ती कैद १७९९ पर्यंत चालली. त्या वर्षांत ख्रिस्तपुराणानेच आपल्या पूर्वजांना धीर दिला, असे तिकडचे ख्रिस्ती परंपरेने सांगतात. टिपूंच्या शौर्याचा धडा मी अभिमानाने शिकवतो, पण त्या कैद्यांकडे पाहायला आपण अजून शिकलेलो नाही.

आमच्या वरठीचाही या इतिहासाशी दुरून संबंध आहे. इथल्या स्थानकाला 'भंडारा रोड' म्हणतात. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी इथूनच जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गाच्या प्रवासात नारायण वामन टिळकांना डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. कवितेवर बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डबा वरठीवरून जाताना बोलणे कुठवर आले होते, कोण जाणे! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पत्नी असून त्यांना काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ती हकिकत इतक्या साधेपणाने लिहिली आहे की वाचताना आपण हसतो आणि मग हसल्याची लाज वाटते. १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी येशूचरित्राचे 'ख्रिस्तायन' आरंभले, पण १९१९ मध्ये ते गेले. अर्धे राहिलेले ते काव्य फारशी शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढे नेले. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गेल्या वर्षी मी फळ्यावर दोन रकाने आखले, एक आपला, एक त्यांचा. मुलांनी एकेक ओळ सांगितली. मृत्यूपाशी रकाने फुटले ते पुढे बरेच वेगळे चालले, आणि 'परत येतील' ही ओळ मात्र दोन्हीकडे लिहावी लागली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तेव्हा ख्रिश्चन लोकपण तिथेच उभे असतील का?" मी हो म्हणालो.