तुकडा, सुकडी आणि हक्क

१९७२ च्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. संध्याकाळी पदरात बांधून सुकडी आणी, माझ्या सात महिन्यांच्या बहिणीसाठी. पहिल्या दिवशी आजीने विचारले, “मागून आणलंस का गं?” आईने हात पुढे केले. “न्हाय आत्याबाई. हे फोड बघा.” मग आजीने सुकडी पाण्यात कालवून बहिणीला भरवली.

आजीच्या प्रश्नामागे इतिहास होता. गावकीच्या बदल्यात दारोदार मिळणारी शिळी भाकरी, हेच आमच्या पोरांचे ‘वरचे अन्न’ होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या ढोराचे मांस सोडण्यास बजावले. आजीच्या घराने टोपली टाकली ती कायमची. तुकडा नाकारणाऱ्या समाजाच्या लेकरांना हक्काचे अन्न केव्हा मिळाले, हा माझा प्रश्न आहे.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध एकटे पुरत नाही. मुलाचे पोट मुठीएवढे. पातळ पेज त्या पोटाला भरते, अंगी लागत नाही. पीठ, डाळ, शेंगदाणा, तेल, गूळ असे थोड्यात जास्त बळ देणारे अन्न दिवसातून अनेकदा लागते. ज्या आईचा दिवस दुसऱ्याच्या बांधावर जातो, तिने ते कधी भरवायचे? कुपोषणाला आईचे अज्ञान म्हणणाऱ्यांनी तिची मजुरी आणि तिचे तास मोजावेत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पुढे ती आमच्या गावी आली. अंगणवाडी भरली देवळाच्या ओवरीत. वस्तीतली पोरे पायरीखाली बसत. वाटीत खिचडी वरून पडे. आजी असती तर पुन्हा तोच प्रश्न विचारती.

दानाचा हक्क झाला तो लढ्याने. २००१ साली राजस्थानात धान्याची कोठारे भरलेली असताना माणसे उपाशी होती, म्हणून लोक स्वातंत्र्य संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने हा आहार मुलांचा अधिकार ठरला. २००४ साली न्यायालयाने आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत असे बजावले. १३ डिसेंबर २००६ रोजी सांगितले की सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. दलित-आदिवासी वस्त्यांना अग्रक्रम द्यावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपुढच्या बालकासाठी दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने लिहून दिली.

लिहिलेले पोटात जात नाही. म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना माझे सांगणे आहे: आपल्या वस्तीत जा. अंगणवाडी वस्तीत आहे की गावठाणात? चुलीपाशी कोण आहे? गेल्या महिन्यात आहार किती दिवस मिळाला? उत्तरे वहीत लिहा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. तिथे कोणी ‘सरकार फुकट खाऊ घालते’ म्हणाले, तर माझ्या आईचे हात आठवा.