भूमिपुत्र चळवळ (महाराष्ट्र)

भूमिपुत्र चळवळ म्हणजे एखाद्या प्रदेशातील नोकऱ्या, शिक्षण व सत्ता यांवर तेथील मूळ रहिवाशांचा प्रथम हक्क आहे, असे मानून बाहेरून आलेल्यांना विरोध करणारी राजकीय चळवळ होय. महाराष्ट्रात ती मुख्यतः मुंबईत, १९६० नंतर वाढली. भालचंद्र नेमाडे यांनी साहित्यात मांडलेला देशीवाद ही याहून वेगळी संकल्पना आहे.

पार्श्वभूमी

स्थलांतरितांना विरोध ही केवळ भारतातील घटना नाही. अमेरिकेत १८५० च्या दशकात आयरिश कॅथलिकांविरुद्ध ‘नो-नथिंग’ पक्ष उभा राहिला आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना कायद्याने प्रवेशबंदी झाली. भारतात हैदराबाद संस्थानातील मुलकी नियम हे याचे जुने उदाहरण होय. सरकारी नोकरीसाठी त्यात १५ वर्षांच्या वास्तव्याची अट होती. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. या नियमांच्या प्रश्नावरून १९५२ मध्ये हैदराबादेत मोठे आंदोलन झाले.

मुंबईतील वाटचाल

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तथापि १९६१ च्या जनगणनेनुसार शहरात मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. व्यापारात गुजराती, तर कार्यालयीन नोकऱ्यांत दक्षिण भारतीय पुढे होते. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून सुशिक्षित मराठी तरुणांच्या असंतोषाला वाचा फोडली. त्यातूनच १९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. आरंभी तिचा रोख दक्षिण भारतीयांवर होता. पुढे स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या व विमानसेवांमध्ये मराठी उमेदवारांच्या भरतीचा आग्रह धरला. १९८० च्या दशकात पक्ष हिंदुत्वाकडे वळला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. २००८ मध्ये उत्तर भारतीय फेरीवाले, टॅक्सीचालक व रेल्वे भरतीचे परीक्षार्थी यांच्यावर हल्ले झाले. यात मार खाणारे बहुतेक लोक हातावर पोट असणारे किंवा नोकरीच्या शोधात आलेले होते.

कायदेशीर बाजू

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानुसार नागरिकांना देशात कोठेही राहण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क आहे. सरकारी नोकरीत जन्मस्थान वा निवास यांवरून भेदभाव करण्यास १६ वा अनुच्छेद मनाई करतो. निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या निर्णयानुसार उद्योगांनी एकूण नोकऱ्यांपैकी ८० टक्के स्थानिकांना द्याव्यात, असे अपेक्षित आहे. खासगी क्षेत्रात ७५ टक्के जागा राखीव ठेवणारा हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला.

सोलापूर

सोलापूरचा अनुभव मुंबईहून निराळा आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुन्या गिरणी’नंतर येथे कापड गिरण्या वाढल्या आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले. सोलापुरी चादरीचा लौकिक मुख्यतः त्यांच्या कसबावर उभा राहिला. या चादरीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. विडी वळण्याच्या कामातही तेलुगू भाषक स्त्रिया बहुसंख्य आहेत. शहराचे ग्रामदैवत मानले जाणारे सिद्धेश्वर कन्नड वचनपरंपरेतील. त्यामुळे मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषा शहरात पूर्वीपासून एकत्र नांदतात.

येथे परप्रांतीयविरोधी चळवळीने मूळ धरले नाही. विणकर आपला व्यवसाय सोबत घेऊन आले. त्यांनी कुणाच्या कारकुनी जागा घेतल्या नाहीत, आणि कामगार संघटनांत भाषेपेक्षा मजुरीचा प्रश्न मोठा ठरला, ही त्याची कारणे सांगता येतात. पद्मशाली समाजातील गंगाधर कुचन लोकसभेवर, तर विडी व यंत्रमाग कामगारांचे नेते नरसय्या आडम विधानसभेवर निवडून गेले. गिरण्या बंद पडल्यावर तर प्रवाह उलटला. आता सोलापूरचेच तरुण कामासाठी पुण्या-मुंबईला जातात.

सीमाप्रश्नाने ‘स्थानिक कोण’ हा पेच येथे आणखी गुंतागुंतीचा केला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात दक्षिण सोलापूर व अक्कलकोटमधील कन्नडबहुल गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस होती. महाराष्ट्राने हा अहवाल फेटाळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी या मागणीचा पुनरुच्चार केला. या गावांतील कन्नड भाषक स्थलांतरित नसून पिढ्यानपिढ्यांचे रहिवासी आहेत. बेळगावातील मराठी भाषकांचेही तसेच आहे.

मूल्यमापन

मायरन वायनर, मेरी काट्झेनस्टाइन व दीपंकर गुप्ता यांनी या चळवळीचा अभ्यास केला आहे. चळवळीमुळे मराठी तरुणांना काही क्षेत्रांत नोकऱ्या मिळाल्या, असे समर्थक मानतात. टीकाकारांच्या मते तिने बेकारीचे मूळ कारण झाकले आणि रोष दुर्बल स्थलांतरितांकडे वळवला. मातृभाषा, जन्म की वास्तव्य, यांपैकी कशावरून भूमिपुत्र ठरवावा, याविषयी एकमत झालेले नाही.

हे सुद्धा पहा

संयुक्त महाराष्ट्र चळवळ
महाराष्ट्र–कर्नाटक सीमावाद
आसाम आंदोलन
देशीवाद