साष्टीतील अनाथाश्रम आणि परदेशी मिशनरी : मंडपेश्वर ते अंधेरी

मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष प्रायः लोहमार्ग, कारखाने आणि घरबांधणी यांकडे जाते. ज्या साष्टी बेटावर ही उपनगरे वसली (गोव्यातील साष्टी ती निराळी), तेथे याहून पुष्कळ जुनी अशी एक परंपरा आढळते. दूरदेशीच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने येथे यावे आणि येथल्या निराधार मुलांचा सांभाळ करावा, ही ती परंपरा होय. तिचे वर्णन भक्तांनी सेवा म्हणून आणि विरोधकांनी बाटवाबाटवी म्हणून केले आहे. या दोन्ही वर्णनांत एक प्रश्न बहुधा बाजूस राहतो : मूल अनाथ आहे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आपल्या भाषेत पोरका म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकही गमावलेला. अनाथ म्हणजे ज्याला कोणी नाथच नाही असा. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्याबरोबर साष्टीही गेली. पुढील दशकात आंतोनियो द पोर्तु हा फ्रान्सिस्कन साधू या भागात आला. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे त्याने प्रार्थनामंदिर केले आणि लेण्याच्या माथ्यावर धर्मांतरितांच्या मुलांसाठी राजाश्रयाने विद्यालय उभारले. त्याचे भग्नावशेष आजही तेथे आहेत. लेण्याच्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आणि आतील नटराजाचे शिल्प ही दोन्ही एकाच भेटीत पाहावयास मिळतात. हा क्रूस ज्या खडकात आहे, त्याच खडकावर ती शाळा भरत होती. त्या शाळेतील मुलांनी मात्र स्वतःविषयी एकही ओळ मागे ठेवलेली नाही. आपणांस जे काही ठाऊक आहे, ते सारे त्यांना शिकविणाऱ्यांच्या वृत्तांतांतून आलेले आहे.

या काळातील निर्णायक गोष्ट म्हणजे कायदा. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे निघालेल्या हुकुमानुसार गोव्यातील ज्या हिंदू मुलांचे आईबाप व आजीआजोबा हयात नाहीत, अशी अजाण मुले अधिकाऱ्यांनी ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयात द्यावी व त्यांचा बाप्तिस्मा व्हावा, असे ठरले. मूळ हुकुमातील व्याख्या संकुचित होती. व्यवहारात ती फैलावली आणि आई जिवंत असतानाही केवळ बाप वारला म्हणून मूल अनाथ ठरू लागले. 'ख्रिस्त्यांचा पिता' या नावाचा एक अधिकारीच अशा कामासाठी नेमलेला असे. परिणामी नात्यातील माणसे मुले लपवीत, किंवा त्यांना घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर जात. त्या काळच्या मिशनऱ्याच्या व्यक्तिगत कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विधवेचे मूल तिच्या मांडीवरून उचलणारी व्यवस्था ही त्याच्या सेवेची पूर्वअट होती, हे नोंदविल्यावाचून त्या सेवेचे मूल्यमापन अपुरे राहते.

१७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि हा अध्याय संपला. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. पुढील शतकभराच्या हकीकतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष काही नाही. १८६३ मध्ये वांद्र्यास जेझुइटांनी मुलांसाठी सेंट स्टॅनिस्लॉस ही संस्था सुरू केली, तीही आरंभी अनाथ मुलांकरिता. मुंबईचे मिशन तेव्हा जर्मन जेझुइटांकडे होते. १९०१ मध्ये पौलुस मोरित्झ या जर्मन ब्रदरने त्याच मंडपेश्वराच्या टेकडीवर निराधार मुलांच्या सेवेसाठी फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदर्सचा संघ स्थापन केला. टेकडी तीच, फ्रान्सिसचे नावही तेच. पण परिस्थिती पालटलेली. आता मूल आणून देणारा राजाचा अंमलदार नव्हता. १८९६ चा प्लेग आणि १८९९–१९०० चा छप्पनचा दुष्काळ यांनी मुले दारोदार केली होती. सक्ती संपली असे म्हणावे, तर भुकेची सक्ती उरलीच होती. भुकेल्या मुलास दिलेला घास आणि त्यास दिलेला धर्म यांतील सीमारेषा दात्यास जितकी स्पष्ट दिसते तितकी घेणाऱ्यास दिसत नसावी, असे मला वाटते.

मिशनऱ्याचे परकेपण हेही दुधारी होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन जेझुइटांना स्थानबद्ध केले वा परत पाठविले आणि मुंबईचे मिशन पुढे स्पॅनिश जेझुइटांकडे गेले. ज्याला मुले फादर म्हणत, तो सरकारी दप्तरात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला.

यानंतर शासनाने या क्षेत्रात प्रवेश केला. १९२४ चा मुंबई बालक कायदा आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी यांमुळे निराधार मूल हा धर्मादायाचा नव्हे तर न्यायालयाचा विषय झाला. याच नव्या चौकटीत अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होमचे कार्य वाढले. बेल्जममधील लिएज येथे १८३३ मध्ये स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या जोगिणी तेथे निराधार मुलींचा व अर्भकांचा सांभाळ करीत. त्यांतील सिस्टर अ‍ॅना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ ही जर्मन जोगीण. मुलांच्या उपासमारीविषयी तिने केलेले आवाहन १९५९ च्या सुमारास बॉन येथील रोझी गोलमान या धर्मशिक्षिकेपर्यंत पोहोचले. गोलमानबाईंनी प्रथम विद्यार्थ्यांच्या साह्याने मदत गोळा केली आणि १९६७ मध्ये 'अंधेरी-हिल्फे', म्हणजे अंधेरी-साह्य, ही संस्था काढली. एका उपनगराचे नाव अशा रीतीने जर्मनीत लोकांच्या तोंडी बसले. ही संस्था पुढे अनाथाश्रमापुरती राहिली नाही. मूल आश्रमात का येते, याचा शोध तिला खेड्यातील दारिद्र्याकडे घेऊन गेला आणि भारत व बांगला देशातील स्वावलंबनाच्या कामांना तिने हात घातला.

अशा आवाहनपत्रांचा साधन म्हणून उपयोग करताना संशोधकाने सावध असावे. पत्र दात्यासाठी लिहिलेले असते. त्यात मूल एकटे आणि असहाय असावे लागते. आश्रमात मूल सोडून जाणाऱ्या आईस अशा पत्रात फारसे स्थान नसते. प्रवेशपुस्तके व न्यायालयीन कागद यांच्याशी ही पत्रे ताडून पाहिल्याखेरीज त्यांवर भिस्त ठेवू नये.

त्या आईचा प्रश्न अखेर कायद्यापुढे आला, तो परदेशी दत्तकांच्या निमित्ताने. ख्रिस्ती, मुसलमान व पारशी कुटुंबांस दत्तकविधान उपलब्ध नव्हते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे आणि परदेशी दांपत्येही याच मार्गाने मुले नेत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास लिहिलेल्या पत्रावरून १९८४ मध्ये निर्णय झाला. मुलासाठी प्रथम भारतीय कुटुंब शोधावे, परदेशी अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावेत आणि जन्मदात्यांचा पत्ता असल्यास त्यांना परिणामांची पूर्ण जाणीव देऊन, निर्णय फिरविण्यास अवधी ठेवून मगच मूल स्वीकारावे, असे न्यायालयाने ठरवून दिले.