खड्याचं मूत्रपिंड कुणी ठेवायचं?

मागच्या वेळी आपण कान्टपाशी थांबलो होतो. दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी स्वतःचा दात देणं म्हणजे अंशतः आत्महत्याच, असं त्यानं 1797 साली लिहिलं. दाताबद्दल एवढं, मग मूत्रपिंडाचं काय?

23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूनं रोनाल्ड हेरिकचं मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवलं. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. पण आम्हाला राहून राहून रोनाल्ड आठवतो. धडधाकट माणूस ऑपरेशनच्या टेबलावर, आणि त्याच्या शरीराला त्याचा काडीचा फायदा नाही! म्हणूनच दाता निवडताना डॉक्टर फार जपून असत. मुतखडा होऊन गेलेल्याला सहसा नकोच म्हणत. खडा पुन्हा होऊ शकतो, आणि एकच मूत्रपिंड उरलेल्या माणसाला तो अडकला तर लघवीच बंद.

पुढे सीटी स्कॅन आला. दात्याच्या रक्तवाहिन्या बघायला जावं, तर कधीही पोटात न दुखलेल्या माणसाचेही बारीक खडे दिसू लागले. या सगळ्यांना परत पाठवायचं? तिकडे घरातलाच कुणी डायलिसिसवर वाट बघतोय. 2004 साली अॅमस्टरडॅमला देशोदेशीचे तज्ज्ञ जमले. एकच खडा, दीड सेंटिमीटरहून लहान किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी काढता येण्याजोगा, आणि खडे होण्याचा मूळ दोष तपासणीत नाही, तर असा दाता चालू शकेल, असं त्यांनी म्हटलं.

पण दोनातलं कुठलं काढायचं? खड्याचं. चांगलं दात्यापाशी राहतं. कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बाप दूध आटलेल्या गाई दान देतो, हे त्या पोराला खुपतं. इथे मात्र उणं तेच द्यायचं, आणि आम्हाला ते न्याय्य वाटतं. घेणाऱ्याला काही मिळतंय, देणाऱ्याचं जातंय.

काढलेलं मूत्रपिंड थंडगार द्रावणानं धुऊन बर्फात ठेवतात. मूत्रवाहिनीतून बारीक दुर्बीण आत घालून खडा चिमटीत पकडतात, नाहीतर लेसरनं फोडतात. मगच बसवतात. अगदी बारीक असेल तर कधी तसाच ठेवून लक्ष ठेवतात.

आणि इथेच एक गोम आहे. खड्याची कळ काय असते ते ज्यांनी सोसलंय (आम्ही सोसलंय) त्यांना खरं वाटणार नाही, पण बसवलेल्या मूत्रपिंडात खडा अडकला तरी ती कळ सहसा येत नाही. त्याच्या नसा कापलेल्या असतात. लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढतं, बस्स. म्हणून घेणाऱ्याला ऑपरेशनच्या आधीच सांगावं लागतं की दुखायची वाट बघू नकोस, सोनोग्राफीला येत जा.